डॉलिस हिलचं घर, बाणेरचा मालक आणि कौन्सिलचं पाकीट

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. लंडनला ब्रेंटमध्ये डॉलिस हिलला आमचं तीन बेडरूमचं घर आहे, महाराष्ट्र मंडळापासून चालत दहा मिनिटांवर. २०१६ मध्ये घेतलं. आईला अर्धांगवायू झाला म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर सगळं गुंडाळून आम्ही पुण्याला आलो. घर विकायचं जिवावर आलं, म्हणून भाड्याने दिलं. एका एजंटने भाडेकरू शोधून दिले, आपली फी घेतली आणि तो मोकळा झाला. चार मुलं आहेत, चौघंही आयटीतली, आपलीच. दोघं कोल्हापूरचे, एकमेकांचे मावसभाऊ. एक नाशिकचा, एक नागपूरचा. २,४०० पाउंड भाडं दर एक तारखेला माझ्या तिथल्या खात्यात जमा होतं. कधी तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या मुलाने कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. घर भाड्याने दिलेलं दिसतंय, लायसन्स नाही, २१ दिवसांत अर्ज करा. एजंट म्हणतो, माझं काम फक्त भाडेकरू शोधायचं होतं. लंडनबाहेर राहणारा एक मित्र म्हणतो, आमच्याकडे असलं काही नाही, पैसे उकळायचा धंदा आहे, दुर्लक्ष कर. इथे कोथरूडला बायकोच्या नावावर फ्लॅट आहे, त्याचं ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स केलं की विषय संपतो. तिथे माझ्याच घरासाठी मी परवाना कशाला काढायचा?

मुलांना घर सोडायला सांगून मोकळा होऊ का? अर्ज केला तर आपण होऊन गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? घराचा नकाशा सोबत जोडला आहे. आणि हो, नागपूरच्या मुलाची बायको पुढच्या महिन्यात येतेय. तिला राहू दे का म्हणून त्याने विचारलं, मी हो म्हणालो.

— घर तिथे, मी इथे (बाणेर, पुणे)

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ तुम्ही शेवटी, ‘आणि हो’ म्हणून लिहिलीत. तिच्याकडे येतेच. पण आधी तारखेचं बोलू. कौन्सिलच्या पत्रावर तारीख असेल, तिथून २१ दिवस मोजा. मित्राशी वाद घालण्यात त्यातला एकही घालवू नका.

लायसन्स या शब्दाने तुमचा घोळ केलाय. कोथरूडच्या फ्लॅटच्या कागदावर बायको ‘लायसेन्सर’ आणि भाडेकरू ‘लायसेन्सी’. म्हणजे तिथे परवानगी मालक देतो आणि राहणारा घेतो. करार नोंदवला, पोलिसांत कळवलं की झालं. लंडनमध्ये याच शब्दाचा अर्थ बरोबर उलटा आहे. तिथे परवानगी कौन्सिल देते आणि ती घ्यायची मालकाने, घर भाड्याने देण्याआधी. भाडेकरूशी केलेला करार कितीही पक्का असला तरी त्याचा या लायसन्सशी संबंध नाही. मी पाहिलेल्या आपल्या लोकांपैकी निम्मे तरी इथेच अडकले आहेत: करार केलाय, डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवलंय, गॅसचं सर्टिफिकेट आहे, मग आणखी काय हवं?

इंग्लंडमध्ये हे सगळं २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टवर चालतं आणि त्यात लायसन्स तीन प्रकारची आहेत. पहिलं सक्तीचं, देशभर सगळीकडे: दोन किंवा जास्त कुटुंबांतली मिळून पाच किंवा जास्त माणसं एका घरात राहतात आणि स्वयंपाकघर, संडास किंवा बाथरूम वाटून वापरतात, तर हवंच. पूर्वी घर तीन मजली असलं तरच ते लागायचं. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. दुसरं अ‍ॅडिशनल, म्हणजे तीन-चार जणांच्या अशा घरांसाठी, पण कौन्सिलने तशी योजना लावली असेल तरच. तिसरं सिलेक्टिव्ह: ठरावीक भागातलं जवळजवळ प्रत्येक भाड्याचं घर, मग आत नवरा-बायको आणि एक बाळ एवढंच राहत असलं तरी. ही शेवटची दोन कौन्सिलच्या मर्जीची, एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. पूर्व लंडनच्या न्यूहॅम कौन्सिलने जानेवारी २०१३ मध्ये जवळजवळ अख्ख्या बरोमध्ये, म्हणजे आपल्या हद्दीत, लावलं, तेव्हापासून हे लोण पसरलं. मोठ्या योजनेला आधी मंत्रालयाची मंजुरी लागायची, डिसेंबर २०२४ पासून तीही अट सैल झाली.

म्हणून तुमचा मित्र खोटं बोलत नाही. त्याच्या गावी खरंच नसेल. तिथे रस्ता ओलांडला की कौन्सिल बदलतं आणि नियमही बदलतो. वेल्समध्ये तर वेगळाच कारभार, तिथे प्रत्येक मालकाला रेंट स्मार्ट वेल्सकडे नोंदणी करावीच लागते. स्कॉटलंडमध्येही प्रत्येक मालकाची नोंदणी. इंग्लंडने मात्र हे प्रत्येक कौन्सिलवर सोडलंय. मित्राने त्याच्या पोस्टकोडचं सांगितलं, तुम्ही ते तुमच्या पोस्टकोडला लावलंत.

तुमच्या पोस्टकोडचं सांगते. डॉलिस हिल, विल्सडन ग्रीन आणि हार्ल्सडन अँड केन्सल ग्रीन या तीन वॉर्डांत ब्रेंटने १ ऑगस्ट २०२३ पासून सिलेक्टिव्ह लायसन्स लावलं. तुम्ही घर भाड्याने दिलंत त्या वर्षीच्या दिवाळीनंतर. म्हणजे पहिल्या भाड्याच्या दिवसापासून तुम्ही लायसन्सशिवाय आहात. कडू आहे, पण आकडेमोड इथूनच सुरू करावी लागेल.

आता त्या चार मुलांकडे येऊ. कायदा डोकी मोजतोच, पण त्याहून जास्त बारकाईने कुटुंबं मोजतो. आणि गंमत म्हणजे या एका बाबतीत इंग्रजांचा कायदा आपल्याइतकाच नात्यागोत्याचा निघाला. आईवडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं, भाऊ-बहीण, काका-मामा, आत्या-मावश्या, भाचे-पुतणे आणि चुलत-मावस-मामे-आते भावंडं, ही सगळी ‘एकच कुटुंब’. बायकोचा भाऊसुद्धा. तेव्हा तुमचे कोल्हापूरचे दोन मावसभाऊ मिळून एक कुटुंब. नाशिकचा दुसरं, नागपूरचा तिसरं. ते तिघं-चौघं एका कुकरमध्ये भात लावत असतील, एकमेकांना भाऊ म्हणत असतील, राखीला एकाच मुलीकडे जात असतील. मानलेल्या भावाला या कायद्यात जागा नाही. चार माणसं, तीन कुटुंबं. याला तिथे एचएमओ म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांनी मिळून वापरलेलं घर.

चार असताना अर्ज कुठला? ब्रेंटच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाका. त्या दिवशी छोट्या एचएमओंची अ‍ॅडिशनल योजना चालू असेल तर तो फॉर्म, नसेल तर सिलेक्टिव्हचा. फॉर्म बदलेल, सुटका नाही.

आणि आता ती ‘आणि हो’. नागपूरच्या मुलाची बायको आली की कुटुंबं तीनच राहतात, कारण ती नवऱ्याच्या कुटुंबात मोजली जाते. पण डोकी पाच होतात. पाच डोकी, तीन कुटुंबं, एक स्वयंपाकघर: तुमचं घर त्या दिवशी सक्तीच्या एचएमओ लायसन्सखाली जातं. मग डॉलिस हिल असो नाहीतर डोंकास्टर, सुटका नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो, येऊ दे’ असं लिहिलंत तेव्हा तुमच्या घराचा वर्ग बदलायला तुम्ही होकार दिलात. तेव्हा अर्ज भरतानाच पाच माणसांचा भरा. चारचा आता आणि पाचचा दोन महिन्यांनी म्हणजे दोनदा फी आणि दोनदा डोकेदुखी.

तुम्ही नकाशा जोडलात हे फार बरं केलंत. एचएमओच्या लायसन्सला झोपायच्या खोलीची किमान मापं कायद्यानेच लावून दिली आहेत. दहा वर्षांवरच्या एका माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. दहा वर्षांखालच्या मुलाला ४.६४, आणि त्याहून छोट्या खोलीत कोणी झोपायचंच नाही. आपल्या चौरस फुटांत साधारण सत्तर, एकशे दहा आणि पन्नास. तिरप्या छपराखालची, छत दीड मीटरपेक्षा खाली आलेली जागा मोजायची नाही.

तुमच्या नकाशात वरची मोठी खोली ३.६ बाय ४ मीटर, म्हणजे १४.४. तिथे मावसभाऊ आहेत, ठीक. दुसरी ३ बाय ३.३, म्हणजे ९.९. तिथे नागपूरचा एकटा आहे तोवर ठीक, बायको आली की ०.३२ ने कमी पडते. हसू येईल इतका फरक आहे, एका खुर्चीची जागा. पण अधिकारी लेझर लावून मोजतो आणि लेझरला हसू येत नाही. आणि नाशिकच्या मुलाची बॉक्स रूम २.१ बाय २.९, म्हणजे ६.०९. ती आजही एका मोठ्या माणसाला झोपायला पुरेशी नाही. तुम्ही पत्रात लिहिलंत ‘कधी तक्रार नाही’. ज्याने तुम्हाला फोटो पाठवला तोच मुलगा त्या खोलीत झोपतोय.

यातून वाट आहे. खालची पुढची खोली तुमच्या नकाशात ३.८ बाय ४, सध्या तिथे टीव्ही आणि सोफा. ती मावसभावांना द्या. वरची मोठी खोली नागपूरच्या जोडप्याला, ९.९ ची नाशिकच्या मुलाला, आणि बॉक्स रूममध्ये बॅगा आणि सायकल. पाचही माणसं मापात बसतात. बैठकीची खोली गेली म्हणून कौन्सिल स्वयंपाकघरात जेवायला जागा आहे का हे बघेल. तुमचं स्वयंपाकघर मागे वाढवलेलं दिसतंय, तिथे टेबल मावेल. मात्र हे मुलांना विचारून करा, हुकूम सोडून नव्हे. करार त्यांच्याही नावावर आहे.

मुलांना घालवून मोकळं होण्याचा विचार आता सांगते, कारण पत्र वाचताना मी तिथेच थबकले. मुळीच करू नका. एक तर घालवल्याने मागचा काळ पुसला जात नाही. दुसरं, १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करायला लावणारी सेक्शन २१ ची नोटीस इंग्लंडमधून गेलीच, आणि ती होती तेव्हाही लायसन्स नसलेल्या मालकाला देता येत नव्हती. तिसरं सगळ्यात मोठं. आज जी मुलं तुम्हाला काका म्हणतात त्यांना तुम्ही घराबाहेर काढायला निघालात की ती कोणाला तरी विचारतील. आणि कोणीतरी त्यांना ‘रेंट रिपेमेंट ऑर्डर’ हे तीन शब्द सांगेल.

हे काय आहे ते नीट समजून घ्या. मालकाने लायसन्सशिवाय घर दिलं असेल तर भाडेकरू स्वतः ट्रायब्युनलकडे, म्हणजे घरांचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाऊन भरलेलं भाडं परत मागू शकतो. वकील लागत नाही, फौजदारी खटला आधी व्हावा लागत नाही. मर्यादा १२ महिन्यांच्या भाड्याची होती. तुमच्या २,४०० च्या हिशेबाने २८,८०० पाउंड. २०२५ च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने ती २४ महिन्यांपर्यंत नेली. ट्रायब्युनल पूर्णच रक्कम देईल असं नाही. मालक कसा वागला, वीज-गॅसची बिलं तो भरत होता का, घर कशा अवस्थेत होतं, हे सगळं बघतात. म्हणून म्हणते, तुमचं यापुढचं वागणं तिथे पुरावा म्हणून मांडलं जाऊ शकतं. याशिवाय कौन्सिलचा दंड वेगळा. खटला न भरता कौन्सिल आपल्याच अधिकारात ३०,००० पाउंडांपर्यंत दंड लावू शकत होतं, नव्या कायद्याने तो आकडा ४०,००० केला. कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादाच नाही.

अर्ज म्हणजे गुन्ह्याची कबुली का? मला हा प्रश्न सतत येतो, आणि खरं उत्तर थोडं आंबट आहे. अर्ज केल्याने मागचे महिने माफ होत नाहीत. पण ज्या दिवशी पूर्ण भरलेला अर्ज फीसकट कौन्सिलकडे पोचतो त्या दिवसापासून गुन्हा थांबतो. लायसन्स हातात यायला महिने लागले तरी चालतं, अर्ज नीट दाखल झालेला असणं हाच बचाव आहे. ‘नीट’ या शब्दावर मात्र जोर. अर्धा फॉर्म सेव्ह करून ठेवला, फीचा पहिला हप्ता भरायचा राहिला, तर दाखल झाला असं धरत नाहीत. फी दोन हप्त्यांत असते, पहिला अर्जाबरोबर, दुसरा मंजुरीच्या वेळी. शिवाय कौन्सिलने तुम्हाला आधी पत्र पाठवलंय, थेट दंडाची नोटीस नाही. याचा अर्थ दार अजून उघडं आहे.

दार उघडं असण्याचं एक ताजं उदाहरण सगळ्या ब्रिटनने पाहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर आलं की खुद्द अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज यांनी लंडनच्या डलिचमधलं आपलं घर सिलेक्टिव्ह लायसन्स न काढता भाड्याने दिलं होतं. कौन्सिल सदर्क, लायसन्सची फी ९४५ पाउंड. आधी त्या म्हणाल्या माहीत नव्हतं. मग एजंटबरोबरचे जुने ईमेल सापडले. लायसन्स लागेल असं एजंटने त्यांच्या नवऱ्याला कळवलं होतं, आणि अर्ज आम्हीच करू असंही म्हटलं होतं. तो अर्ज झालाच नाही. एजंटने माफी मागितली, बाईंनी माफी मागितली, अर्ज केला गेला. ज्या बाई देशाचा अर्थसंकल्प मांडतात त्यांच्या घरात ‘मला वाटलं तू केलंस’ झालं, तर तुमचं-आमचं काय घ्या.

पण एजंटवर सगळं ढकलून सुटता येईल असं यातून काढू नका. एजंटने सांगितलं नाही ही सबब क्वचितच टिकते. अपर ट्रायब्युनलने, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाने, २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय: लायसन्सच्या नियमांवर लक्ष ठेवून मालकाला कळवण्याची जबाबदारी करारानेच एजंटवर असली पाहिजे, त्याच्यावर भिस्त ठेवायला कारण असलं पाहिजे, आणि मालकाला स्वतःला शोधणं का शक्य नव्हतं हेही दाखवावं लागतं. तुमच्या एजंटचा करार मी पाहिला नाही, पण नुसतं भाडेकरू शोधून देण्याचा असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. भाडं तुमच्या खात्यात येतं, जबाबदारी तुमची.

तुम्ही पुण्यात असल्याने एक गाठ आणखी आहे. लायसन्स ज्याच्या नावावर, तो या कामाला योग्य माणूस असावा लागतो आणि घराची व्यवस्था हातात असलेला. परदेशात बसलेल्या मालकाच्या नावावर द्यायला कौन्सिलं नाखूश असतात, त्यांना ब्रिटनमधला पत्ता हवा असतो. आपल्याकडे पहिला विचार ‘वहिनी आहे ना स्लाउला’ असा असतो. वहिनीच्या नावावर काढा हवं तर, पण आधी तिला बसवून सांगा की बॉयलर बंद पडला, अलार्म वाजेनासा झाला, तर लायसन्सच्या अटी मोडल्या म्हणून पत्र तिच्या नावाने येईल, तुमच्या नाही. मी असते तर महिन्याची टक्केवारी देऊन पूर्ण व्यवस्था बघणारा एजंट नेमला असता आणि वहिनीशी संबंध चांगले ठेवले असते.

अर्जाबरोबर काय लागेल? दर वर्षीचं गॅसचं सर्टिफिकेट, पाच वर्षांच्या आतला विजेचा तपासणी अहवाल, ईपीसी (घराच्या ऊर्जावापराचं सर्टिफिकेट), नकाशा, करार, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म, बॉयलर आहे त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा. हे तुमच्याकडे बहुतेक असेलच. एचएमओला याच्या पुढे आगीची तयारी लागते: एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले अलार्म, स्वयंपाकघराला आगीला टिकणारं दार, आणि आतून किल्लीशिवाय उघडणारी कुलपं.

या शेवटच्या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे. पूर्व लंडनमध्ये माझा एक छोटा फ्लॅट होता, तीन मुली राहायच्या. मुख्य दाराला आतून-बाहेरून किल्ली लागणारं कुलूप, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. मीच ठोकलेला खिळा, दत्ताच्या फोटोखाली. एका सकाळी एकीने घाईत बाहेरून कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या घेऊन ती कामावर गेली. आतल्या मुलीचा टोस्ट जळला, अलार्म वाजला, खोलीभर धूर, आणि दार उघडेना. टोस्टच होता, खिडकी उघडून निभावलं. तिने मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात जे होतं ते मला अजून ऐकू येतं. तोवर मीही तुमच्या मित्रासारखी बोलायचे, पैसे उकळायचा धंदा म्हणून. त्या दुपारी अंगठ्याने फिरवायचं कुलूप बसवलं. ते तुम्ही लायसन्स यायची वाट न बघता याच आठवड्यात बसवून घ्या, घराच्या दाराला आणि प्रत्येक खोलीच्या दाराला.

बाकीच्या चार गोष्टी भरभर. कुटुंबाचं राहतं घर एचएमओ करायला काही भागांत बांधकाम-नियोजनाचीही परवानगी लागते, त्याला आर्टिकल ४ म्हणतात. लायसन्स मिळालं म्हणजे ती मिळाली असं नाही, ब्रेंटच्या नियोजन विभागाला वेगळं विचारा. कर्ज राहत्या घराचं घेतलं असेल तर बँकेला आणि विमा कंपनीला भाडेकरूंचं सांगितलंय ना, तपासा. येणाऱ्या मुलीचा व्हिसा तिच्या शेअर कोडवरून (ऑनलाइन तपासणीसाठी ती देईल तो कोड) आधी तपासा आणि नोंद जपून ठेवा. नवरा तपासला होता म्हणून ती आपोआप तपासली असं होत नाही. आणि तुम्ही सहा महिन्यांहून जास्त परदेशात आहात, तेव्हा एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, एनआरएल१ हा परदेशी राहणाऱ्या मालकांचा फॉर्म भरून पूर्ण भाडं घ्यायची परवानगी घेतली आहे का? नसेल तर तुमच्या भाड्यातून मूळ दराने कर कापून भरायची जबाबदारी त्या चार मुलांवर येते, आणि त्यांना हे माहीत असण्याची शक्यता शून्य आहे. हे सीएला दाखवा, इथल्या आणि तिथल्याही.

पुढेमागे घर विकलंत तर लायसन्स घराबरोबर जात नाही. घेणाऱ्याने ते भाड्याने द्यायचं ठरवलं तर त्याने आपलं नवं काढायचं. आणि रिकामं करून विकायला किंवा स्वतः परत राहायला जायचं पक्कं असेल, तर तात्पुरत्या सूट-नोटिशीसाठी अर्ज करता येतो, तीन महिन्यांची मिळते. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही म्हणून त्यात शिरत नाही.

आज रात्री, तिकडे संध्याकाळ असताना, नाशिकच्या मुलाला फोन करा. मेसेज नको. पत्राचं दोन्ही बाजूंचं स्पष्ट स्कॅन मागा, कारण मागच्या पानावर बहुतेक माहिती मागवणारी नोटीस असते आणि तिला उत्तर न देणं हा वेगळा गुन्हा. बॉक्स रूमबद्दल त्याला तुम्हीच सांगा, त्याने दुसरीकडून ऐकण्याआधी. भाडं त्या खोलीपुरतं कमी करायचं असेल तर तेही याच फोनवर बोला. मग पाकिटावरचा संदर्भ क्रमांक घालून कौन्सिलला ईमेल करा की पत्र मिळालं, अर्ज अमुक तारखेपर्यंत येतो. ती तारीख २१ दिवसांच्या आतली ठेवा. आणि जिन्याच्या पायथ्याशी व्यवस्थापकाचं नाव, पत्ता, फोन लिहिलेला कागद लावायला सांगा. तो एचएमओचा नियमच आहे, लायसन्स असो-नसो. सध्या त्यावर कोणाचं नाव लिहायचं हे तुम्हाला फोन करण्याआधी ठरवावं लागेल.